रडण्याला गुण नाहीत

उज्जैन, २४ जून

इशिता,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद द्यायचे असतात, ते देऊन टाकते. घ्यायचे तर घे, नाहीतर राहू देत पाकिटात.

तू माझा नंबर ब्लॉक केलायस, हे मला केतकीनं समजावून सांगितलं. मी आपली समजत होते की पुण्यात तुझ्या होस्टेलवर नेटवर्क नसेल. हसू नकोस. पत्ताही तिच्याकडूनच काढला. बिचारीला फार परेशान केलं मी, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. वर्गात चार मैत्रिणींपैकी तीच एक उरली आहे जी तुझ्याशीही बोलते आणि माझ्याशीही.

आता मुद्द्याचं. नाटकाच्या परीक्षेतल्या तुझ्या एकल प्रस्तुतीला मौलिकतेचे पंचवीसपैकी आठ गुण मिळाले. तू म्हणालीस, "तू विभागप्रमुख आहेस, तुझ्या एका सहीनं फेरतपासणी झाली असती." झाली असती. मी सही केली नाही आणि करणारही नाही. पोटची पोर आहे म्हणून आज मी पेन उचललं, तर उद्या कोणीही आपल्या भाच्या-पुतण्यांसाठी उचलेल. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. तुला हे लहानपणापासून ठाऊक आहे. या घरात दूध कमी पडलं असेल, नियम कमी पडले नाहीत.

आणि परीक्षेला मी आत बसले नाही म्हणून एवढा तमाशा? घरचं माणूस परीक्षेला असेल तर शिक्षकानं बाहेर जायचं, त्याची खुर्ची रिकामी ठेवायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकानं एकट्यानं गुण द्यायचे, हा आमच्या विभागाचा नियम आहे. मीच केलेला. तू आदल्या दिवशी म्हणालीस, "परीक्षक म्हणून नको, नुसती आई म्हणून येऊन बस." अगं, नुसती आई म्हणून परीक्षेच्या हॉलमध्ये कोण बसतं? मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर घरी करून दाखव. यात काय चुकलं माझं? तू अशी काही हसलीस की मला तेव्हाच राग आला होता.

मी बाहेर पायऱ्यांवर बसले होते. आतलं काही ऐकू आलं नाही, दारं बंद होती. तू बाहेर आलीस ती माझ्यासमोरून गेलीस आणि बघितलंसुद्धा नाहीस. निकाल लागला त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस.

जेवतेस ना वेळेवर? तिथं पोहे सकाळी मिळतात की नाही कोण जाणे. आणि मिळाले तरी वर सेव घालत नाहीत म्हणे. कसले पोहे ते.

एकच सांगायचं होतं म्हणून हे सगळं. बाबांचं वर्षश्राद्ध कार्तिक वद्य सप्तमीला आहे, २२ नोव्हेंबर. माझ्यावर राग धर, वर्षभर धर, पण त्या दिवशी ये. बाकी काही मागत नाही.

आई

उज्जैन, २९ जुलै

इशिता,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही हट्टी आहे, तुला हा गुण काही बाबांकडून मिळालेला नाही.

आज सोमवार, महाकालाची सवारी. दुपारपासून रस्ते बंद, कॉलेजला अर्धी सुट्टी. नवी बॅच आली आहे. आज मी त्यांना मूल्यमापन कसं होतं ते सांगितलं. आवाज, हालचाल, रंगमंचाचा वापर आणि शेवटी मौलिकता. एका मुलीनं विचारलं, "मॅम, मौलिकता आप नापते कैसे हो?" मी नेहमीचं उत्तर दिलं, की जे मी आधी पाहिलेलं नाही आणि जे तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, ते. मग तिनं विचारलं, "और अगर मेरी दादी सच में मरी हो तो?"

वर्ग हसला. मीही हसले. मग मी तास तिथंच संपवला.

तुला तर तो नियम पाठ आहे. बारा-तेरा वर्षांची होतीस तेव्हा माझी नक्कल करायचीस, चष्मा नाकावर ओढून, "रडण्याला गुण नाहीत!" बाबा लोळून हसायचे. पण तो नियम मी उगीच नव्हता केला गं. दर वर्षी रंगमंचावर कुणाची ना कुणाची आजी मरायची. पोरं खरंखुरं रडायची, परीक्षक डोळे पुसायचे आणि पंचवीसपैकी चोवीस देऊन मोकळे व्हायचे. ज्या बिचाऱ्यानं दोन महिने खपून एक खुर्ची आणि एक छत्री घेऊन काही नवं रचलं, त्याला पंधरा. हा न्याय आहे का? मी निकषांत लिहून टाकलं: खासगी दुःख जसंच्या तसं मांडलं असेल तर मौलिकतेत अर्ध्यापेक्षा जास्त गुण देऊ नयेत. आणि परीक्षार्थीच्या घरची परिस्थिती परीक्षकाला सांगू नये. आजही मला ते बरोबर वाटतं. तू काहीही म्हण.

तू त्या दिवशी नेमकं काय केलंस, ते मला माहीत नाही. निकालाच्या कागदावर फक्त आकडे असतात. केतकीला विचारलं तर ती म्हणते, "मावशी, तुम्ही इशूलाच विचारा ना." विचारते आहे. सांग. काय केलंस?

बाबांच्या शर्टांचं काय करायचं, तेही सांग. भय्यासाहेब म्हणतात देऊन टाका. मी म्हटलं, इशिता आल्यावर बघू.

आई

उज्जैन, २० ऑगस्ट

इशू,

केतकीनं सांगितलं. काल रक्षाबंधनाची सुट्टी होती, तिला जेवायला बोलावलं. भुट्ट्याचा कीस केला होता, तुझ्या आवडीचा. तिच्या पानात वाढला आणि म्हटलं, आता बोल. मी तुझ्या मैत्रिणीला कीस चारून फितवलं, असं हवं तर समज. ती रडत रडत बोलली, अर्धं पान तसंच राहिलं.

बाक मध्ये ओढलंस म्हणाली. त्यावर पांढरी चादर. मग खांद्यावर पाण्यानं भरलेलं मडकं घेऊन बाकाभोवती फिरलीस. कुणी मागून दगड मारून भोक पाडतंय असं दाखवलंस आणि मडक्यातून खरंच पाणी गळायला लागलं. ते कसं जमवलंस? केतकी म्हणाली, मेणानं बुजवलेलं भोक होतं, देवास गेटला कुंभाराकडून खास करून आणलं होतंस. चालताना हिंदीत बोलत होतीस, काका-मामांच्या वेगवेगळ्या आवाजांत. "लड़कियाँ श्मशान नहीं जातीं।" "भाई है ना, वो देगा अग्नि।" "बिटिया, तू घर पर बैठ, माँ को सँभाल।" भय्यासाहेबांचा आवाज तर हुबेहूब होता म्हणे, ती पोरगी रडतानाही हसली ते सांगताना.

मग मडकं मागे टाकून फोडलंस. आणि माझ्या रिकाम्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिलीस आणि मराठीत विचारलंस, "आई, मी देऊ अग्नी?"

आणि थांबलीस.

किती वेळ थांबलीस ते केतकीला सांगता येईना. म्हणाली, "मावशी, सगळ्यांना वाटलं ती संवाद विसरली." बाहेरून आलेले परीक्षक सप्रेसर हळूच म्हणाले, "बेटा, आगे बढ़ो, रुको मत।" तू हलली नाहीस. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा घंटी वाजवली. तू चादर घडी करून घेतलीस आणि बाहेर आलीस.

इशू, मी तुला नाही म्हटलं नव्हतं. हे लक्षात ठेव. चार डिसेंबरला बाबांना खाली ठेवलं होतं, दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तू सगळ्यांसमोर मला हेच विचारलंस. मी नाही म्हटलेलं नाही. मी एवढंच म्हणाले की भय्यासाहेबांना विचार. मोठे आहेत, बाबांचे थोरले भाऊ आहेत, घराची रीत त्यांनाच विचारायची असते. ते म्हणाले सौरभ देईल. चुलत का होईना, भाऊच तो. सौरभनं दिला. तुला मी माझ्याजवळ बसवून घेतलं.

मला वाटलं होतं, तो विषय संपला.

आई

उज्जैन, १५ सप्टेंबर

इशू,

मराठी समाजाच्या गणपतीत यंदाही एकांकिका स्पर्धा झाली आणि परीक्षक म्हणून कोण यावं? मधुकर सप्रे. तुझे सप्रेसर. इंदूरहून आले होते. माणूस वाईट नाही गं, हेच तर दुखतंय. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

मध्यंतरात चहाच्या टेबलाशी त्यांना धरलं. म्हटलं, मे महिन्यात एका मुलीनं मडकं फोडलं होतं, आठवतं? त्यांना लगेच आठवलं. म्हणाले, "हो तर. चांगली होती हो मुलगी. पाणी गळायची युक्ती फार सुंदर. पण शेवटी घसरली. सगळं हिंदीत बांधलेलं आणि ऐन वेळी संवाद आठवेना, तशी एकदम घरच्या भाषेवर आली. आपल्या इंदूर-उज्जैनच्या मराठी पोरांचं होतं असं, घाबरली की मराठी सुटते तोंडातून. मग पुढचं काही सुचेना, नुसती उभी. मी दोनदा सावरायचा प्रयत्न केला. आणि विषय खासगी वाटला, तेव्हा तुमच्या निकषाप्रमाणे अर्ध्याच्या आत ठेवले."

मी म्हटलं, ती विसरली नव्हती. ती उत्तराची वाट बघत होती.

"कुणाच्या?"

"माझ्या. ती खुर्ची माझी होती. मुलगी माझी आहे. आदल्या डिसेंबरात तिचे वडील गेले."

त्यांनी कप खाली ठेवला. "अहो प्रतिभाताई, मला कुणी सांगितलं कसं नाही?" मी म्हटलं, सांगायचं नसतं, तोही माझाच नियम. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ते बिचारे हात जोडायला लागले. मी मध्यंतरानंतर थांबलेच नाही, घरी आले.

चाळीस पोरांना मी शिकवलं असेल की रंगमंचावरची शांतता ओळखायला शीक. एक विसरल्याची असते, एक थांबल्याची असते. परीक्षकांच्या शिबिरात यावर तासभर बोलते मी. लोक वह्या भरून घेतात. आणि माझ्याच पोरीची शांतता विसरल्याची म्हणून मोजली गेली, कारण ती जिला ओळखता आली असती ती बाई बाहेर पायऱ्यांवर नियम पाळत बसली होती.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की बाहेर काही ऐकू आलं नाही. ते खोटं आहे. मडकं फुटल्याचा आवाज आला होता. त्या आवाजाला दुसरा अर्थ नसतो. तू आत काय करते आहेस ते मला त्या क्षणी कळलं, इशू. दाराला हात लावून उभी राहिले. कडी नव्हती लावलेली. मग वाटलं, आत गेले तर तुझी परीक्षा रद्द होईल. खरंच असं वाटलं. तुझं वर्ष वाया जाईल या भीतीनं मी परत जाऊन बसले.

तू आत विचारत होतीस, आणि मी बाहेर तुझं वर्ष वाचवत होते. काय म्हणावं या बाईला?

आई

उज्जैन, १७ ऑक्टोबर

इशू,

काल कोजागरीला भय्यासाहेबांकडे सगळे जमले होते. मी दूध प्यायच्या आधीच बोलून टाकलं, म्हटलं नंतर धीर होणार नाही. "भय्यासाहेब, यंदाचं वर्षश्राद्ध इशिता करेल. सौरभला सांगू नका."

झालं! जणू छत कोसळलं. भय्यासाहेब म्हणाले, "घरात मुलगा असताना? शिंदे सरकारच्या दरबारात आपल्या पणजोबांना मान होता, आणि आता लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "दरबार गेला, सरकार गेलं, पणजोबाही गेले. माझी मुलगी आहे, ती राहिली पाहिजे." सौरभ मध्येच म्हणाला, "काकू, मला काही हरकत नाही हं. तेव्हाही नव्हती. मला कुणी विचारलंच नाही." ऐक! त्या पोराला हरकत नव्हती. भय्यासाहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो वाटी घेऊन गच्चीत निघून गेला.

भय्यासाहेब शेवटी म्हणाले, "करा काय करायचं ते. मी पाऊल ठेवणार नाही." मी म्हटलं, नका ठेवू. त्यांच्याकडून चालत घरी आले, आणि वाटेत मला रडू आलं, भर रस्त्यात, येणारे-जाणारे बघत होते. कारण इतकं सोपं होतं गं ते. चार वाक्यं. एक माणूस रुसला, बस. तेव्हा मला तीच चार वाक्यं जड झाली होती.

मी घाबरले होते. त्या दिवशी हॉलभर माणसं, तुझे बाबा असे जमिनीवर, आणि तू माझ्याकडे बघत होतीस. मला वाटलं, मी हो म्हणाले तर हे सगळे उठून जातील आणि आपण दोघीच उरू, आणि प्रेत उचलायला चार खांदे मिळणार नाहीत. म्हणून तुला भय्यासाहेबांकडे ढकललं. ती रीत वगैरे काही नव्हती, भीती होती.

तर आता ऐक. तू विचारलेल्याचं उत्तर हो आहे. उशीर झाला आहे, मला कळतं. पण हो. बाविसाव्या तारखेला ये. आपल्या देशपांडे गुरुजींशी बोलले, ते घरी येऊन सगळं सांगतील आणि तू करशील. मी तुझ्या शेजारी बसेन. शर्ट सगळे तसेच आहेत.

फेरतपासणीचाही अर्ज मी कॉलेजात दिला आहे. माझ्या नावानं, माझ्या सहीनं, मुलीचं नाव लिहून. विभागात कुजबुज चालू आहे. चालू दे.

तुझी आई

उज्जैन, ८ नोव्हेंबर

इशू बाळा,

केतकीनं तुझा निरोप दिला. "आईला सांग, तिची सगळी पत्रं वाचून झाली आहेत. तारीख माहीत आहे. मी येतेय."

मी तिला तीनदा म्हणायला लावलं. ती म्हणाली, मावशी, एवढंच म्हणाली ती, जास्त काही नाही. मला एवढं पुष्कळ आहे.

दिवाळी यंदा नव्हती आपल्याकडे, पण मी काल शेव पाडली. गुरुजी म्हणाले, श्राद्धाच्या आधी फराळ कसला करता? मी म्हटलं, ती माझ्या मुलीसाठी आहे, परत जाताना डब्यात द्यायला. तुझ्या खोलीतल्या पंख्याचा आवाज दुरुस्त करून घेतला. ती तुझी पिवळी चादर सापडत नव्हती, ती सापडली. सगळं घर धुतलं. शेजारच्या अक्का विचारतात, प्रतिभा, लग्न आहे का घरात?

मी स्टेशनवर येऊ का? नको ना? मला वाटतं नकोच. तू उतरशील आणि मी गळ्यात पडेन आणि तुला ते आवडणार नाही. तू रिक्षा करून ये. मी दारात उभी असेन. काही बोलणार नाही. तुला वाटलं तर तू बोल.

फेरतपासणीत काय झालं ते समोरच सांगेन. वाईट नाही एवढंच लिहिते.

ये.

आई

उज्जैन, २२ नोव्हेंबर

इशू,

पुण्याची गाडी वेळेवर आली होती, मी चौकशीला फोन करून विचारलं. गुरुजी आले. दर्भ, तीळ, भात, सगळं मांडून ठेवलं. मी दारात उभी. दर रिक्षा आपल्याच गल्लीत वळतेय असं वाटायचं. दुपार झाली तसे गुरुजी म्हणाले, "वहिनी, वेळ टळून चालली, सौरभला बोलावू का?" मी म्हटलं, नाही. ती येतेय.

मग केतकीचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "मावशी, ती सकाळीच रामघाटावर गेली. आता परत स्टेशनवर आहे. मला सांगू नको म्हणाली होती."

मी तशीच निघाले, पायात घरातल्याच चपला. स्टेशनवर जायला हवं होतं, पण मी रिक्षावाल्याला रामघाट म्हणाले. का म्हणाले देव जाणे. तुला गाठण्यापेक्षा, तू काय केलंस ते या वेळी मला कळायला हवं होतं.

घाटावर दोन-तीन पंडितांना विचारलं. एका छत्रीखालचे म्हणाले, "हाँ, आई थी। पुणे से। चश्मेवाली, लंबी-सी।" मी विचारलं, ठीक से किया? म्हणाले, "बहुत अच्छे से किया, माताजी। मैंने कहा भी कि बेटी के हाथ से आजकल सब होता है, संकोच मत करो। बोली, संकोच नहीं है। पिता का नाम बताया, गोत्र बताया, दादा-परदादा सब याद था उसे। फिर मैंने पूछा, माता जीवित हैं? पूछना पड़ता है, माता न हो तो उनका भी तर्पण करते हैं। तो ज़रा देर चुप रही।"

मी विचारलं, फिर?

"फिर बोली, नहीं हैं। उनका भी कर दीजिए। नाम प्रतिभा।"

मग त्यांनी मला विचारलं, "आप कौन लगती हैं उसकी?"

मी म्हटलं, पहचान की हूँ.

तिथंच पायरीवर बसले. माझ्या बाजूला एक बाई नवऱ्याच्या नावानं पाणी सोडत होती आणि तिचा मुलगा तिला हात धरून खाली उतरवत होता. पंडित चांगले होते, त्यांनी पाणी दिलं प्यायला, म्हणाले, "माताजी, तबियत ठीक नहीं लगती।" मी ते पाणी प्यायले.

घरी आले. गुरुजी अजून बसले होते. त्यांना सांगितलं, झालं, तिनं केलं, विधी पार पडला. त्यांना जेवायला वाढलं. तुझं पान उचलून ठेवलं.

आता मी काय लिहू? तू मला काय म्हणायचं ते म्हणालीस. पुरतं, स्पष्ट, एकही शब्द जास्त नाही. असं कुणी केलेलं मी आयुष्यात पाहिलं नाही. आज कुणी मला विचारलं ना की याला किती गुण, तर मी त्याचं थोबाड फोडीन.

फेरतपासणीत तुझे बावीस झाले. तुला सांगायचं होतं, समोर बसवून सांगायचं होतं.

माझं काही म्हणणं नाही, इशू. तू मला मेलेली समजलीस, समज. तुझा हक्क आहे, तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी नव्हते. पण तू अजून लहान आहेस आणि एक गोष्ट तुला माहीत नाही, ती मला माहीत आहे. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही गं. मी वर्षभर करून बघितलं. रोज तुझ्या बाबांशी भांडते, तुम्ही असतात तर तिला थांबवलं असतं, तुम्ही मध्येच का गेलात, आता मी एकटी काय करू. एक शब्द परत येत नाही. मी ओरडते, रडते, आणि समोर नुसती भिंत. तुझ्या वाट्याला ते येऊ नये.

मी आहे अजून. ये, आणि माझ्याशी भांड.

आई